मिरगापासून धर तुझं वर्ष

देवगड, २२ मे

प्रिय सुन्या,

तुझी वर्षभराच्या कामांची यादी येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. आंब्याच्या शेवटच्या पेट्या आणि कॅनिंगचा माल एकदमच काढणीला आला. तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच.

नोकरी सोडून बागेत येतोयस, याचा मला फार आनंद आहे. काळजी आहे ती यादीची. ती तू जानेवारी ते डिसेंबर अशी केलीस, बारा सारख्या खणांची. इथलं वर्ष मिरगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला मृग नक्षत्र लागतं तेव्हा सुरू होतं आणि त्याचे महिने सारखे नसतात.

डिसेंबरचा खण बघ. मोहराच्या फवारण्या, होमस्टेचं उद्घाटन आणि बँकेचे कागद, सगळं तिथेच. नाताळात मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांची झुंबड असते. पाहुण्यांना सकाळी चहा हवा असतो आणि फवारणीही वारा पडलेला असतो तेव्हा, सकाळीच करावी लागते. मे महिन्यातही तेच, पाहुणे आणि पेट्या एकत्र. दोन ध्येयांची गर्दी एकाच आठवड्यांत पडत असेल, तर तू पहाटे चारला उठलास तरी काही उपयोग नाही. होमस्टे एक वर्ष पुढे ढकल, असं माझं स्पष्ट मत आहे. बांधकामाचंही बघ ना, पावसात जांभ्या दगडाच्या चिरेखाणी बंद असतात. चिरा आताच उतरवून घेतला नाहीस, तर पाऊस सरेपर्यंत थांबावंच लागेल.

आता मागून पुढे मोज. हापूसला फळधारणेपासून काढणीपर्यंत साधारण ११० ते १२० दिवस लागतात. एप्रिलच्या मध्याला पेटी हवी, तर डिसेंबरच्या मध्याला फळ धरलेलं हवं. त्याआधी पालवीवरची फवारणी, त्याआधी बागेतलं गवत काढणं. कल्टार, म्हणजे मोहर लवकर आणणारं संजीवक, घालायचं असेल तर १५ जुलै ते १५ ऑगस्ट. शेणखत जूनच्या सुरुवातीला, मोठ्या कलमाला ५० किलो. या तारखा हलत नाहीत, म्हणून कालनिर्णयवर आधी याच लाल शाईने लिही. उरलेल्या जागेत बाकीची कामं. गणपतीचे दिवस कोरेच सोड. भजनाला बसलास की तू पहाटेपर्यंत उठत नाहीस, हे अख्ख्या वाडीला माहीत आहे.

दुसरं म्हणजे, ‘चारशे पेट्या’ हे ध्येय तुझ्या हातात नाही. फेब्रुवारीत ढग आले, तुडतुडे आणि भुरी वाढली, की आकडा कोसळतो आणि त्याबरोबर तुझा धीरही. तुझ्या हातात आहे ते लिही: प्रत्येक फवारणी ठरल्या टप्प्यावर, औषध मोजून, त्याच दिवशी वहीत नोंद. पेट्यांचा आकडा वहीच्या मागच्या पानावर असू दे.

कामाला किती वेळ लागेल, याचा अंदाज माणूस कमीच धरतो. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हे मांडलं. ठेच लागूनही पुढच्या वेळी आपण तेच करतो. उपाय सोपा आहे: तीन कलमांना आळी करून खत घालायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून मोज, तीनने भाग, झाडांच्या संख्येने गुण आणि वर निम्मा वेळ धर. पाऊस, गडी न येणं, पंपाचा नोझल तुंबणं, हे सगळं त्या निम्म्यात बसतं.

रोजच्या दिवसाचं: सकाळी बाग, दुपारी उन्हाच्या वेळी कागद. हिशेबाला २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत छान चालते. फवारणीला ती लावू नकोस. मिश्रण केलेलं औषध त्याच दिवशी संपवायचं असतं, तिथे सलग वेळच लागतो. दिवसाला मुख्य कामं तीनच, आणि संध्याकाळी चार ते सहा वेळ मोकळा. ‘जरा ये रे’ म्हणणारा शेजारी त्याच वेळेत येणार आणि त्याला नाही म्हणू नये. रविवारी संध्याकाळी अर्धा तास बसून राहिलेली कामं पुढच्या आठवड्यात घाल. एखादं काम तीनदा पुढे सरकलं, तर त्याचे तुकडे कर किंवा खोडून टाक.

वेळापत्रक हे कारकुनाचं काम, असं तू भाऊंच्या ओटीवर बसून भांडायचास. त्या भांडणात मी अजूनही माझ्याच बाजूला आहे. पण तू हट्टाने धरलेलं काम सोडत नाहीस, हेही मला ठाऊक आहे, म्हणून एवढं लांबवलं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची दहावी आहे, तिची शाळा इथे की तिथे, ते जूनआधी ठरवा. यादी परत लिहून पाठव, या वेळी मिरगापासून. आणि चिऱ्याचं याच आठवड्यात कळव, ट्रक सांगून ठेवतो.

तुझा,
विजू