घर आणि कुळागर तुमच्याच नावावर राहील

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

फोनवर बाबा गप्प झाले आणि आई, तू लगेच ‘जेवलीस का’ विचारलंस. म्हणून लिहायला बसले. घर आणि सुपारी-नारळाचं कुळागर ट्रस्टमध्ये घालायचं नाही, असं मी वकिलांना कळवलंय. मामांनी तुमच्या काळजीपोटीच तो मार्ग सुचवला, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याशी मीच बोलेन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

वारसा कर परत येणार म्हणून तुमची झोप उडालीय ना? १९५३चा तो कायदा होता आणि १९८५मध्ये तो कर बंद झाला. संपत्ती करही २०१५च्या अर्थसंकल्पात गेला. उद्या काय होईल ते कोणी सांगावं, पण जुन्या कायद्यात एक मेख होती. मालमत्ता देऊन टाकली, पण देणारा स्वतःच ती वापरत राहिला, तर ती त्याचीच धरायचे. तुम्ही तर त्याच माजघरात झोपणार, त्याच विहिरीचं पाणी ओढणार. तसाच कायदा परत आला, तर ट्रस्टच्या कागदाने काय वाचणार? मागे घेता येईल असा ट्रस्ट केला, तर त्याचं उत्पन्न आयकरात आजही तुमचंच धरतात. मागे न घेता येणारा केला, तर एक तुकडा विकायलासुद्धा विश्वस्तांच्या तोंडाकडे बघावं लागेल. या वयात तुम्ही स्वतःच्या घरात कोणाची परवानगी मागायची, हे मला सहन होणार नाही.

आणि बाबा, रागावू नका, पण त्या कच्च्या मसुद्यात आईचं नावच नव्हतं. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला, तर आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी असते. म्हणून तर घरभाडंही तुमच्या दोघांच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवतात. तिच्या सहीशिवाय तो कागद टिकलाच नसता.

ट्रस्ट करायचा तो आपल्या अभीसाठी, त्याला स्वतःचे व्यवहार जमत नाहीत म्हणून, आणि तो मात्र लवकर करायचा. त्यात ठेवींचे पैसे घालू. लाभार्थी तो एकटाच आणि त्याचा हिस्सा ठरलेला, म्हणजे कर त्याच्या दराने लागेल. वाटा विश्वस्तांच्या मर्जीवर सोडला तर सगळ्यात वरचा दर लागतो, म्हणून शब्द नीट हवेत. नुसत्या पैशाच्या ट्रस्टला नोंदणीची सक्ती नाही, तरी आपण करू. शिवाय बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, त्याखाली अभीच्या पालकत्वाचा अर्जही लागेल, तो मी भरते. गोव्याच्या कायद्यात मुलांसाठी निम्मं राखीव असतं. उरलेलं निम्मं तुमच्या मर्जीचं, त्यातून अभीला जास्त द्या. मला कमी आलं म्हणून माझ्या मनात काही येणार नाही. हे मी लग्नाआधीही सांगितलं होतं.

चवथीला आले तेव्हा अभी पडवीत बसून सुपारी निवडत होता. फुटकी निघाली की माझ्या ओंजळीत ठेवायचा, लहानपणी ठेवायचा तशीच. बाबा, पावसात पाट भरला की तुम्ही आम्हा दोघांना एकदम उचलायचात, एकाला खांद्यावर आणि एकाला कमरेवर. आता तुमचं वजन थोडं माझ्यावर टाका ना.

आता ऐका. बाबा, जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि घराचे कागद पत्र्याच्या पेटीतून काढून कपाटात वर ठेवा. पेटीच्या तळाला ओल आलीय, मी हात लावून बघितलंय. बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, देवपूजा आटोपेपर्यंत थांबायचं नाही. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला ‘नको’ म्हणून परत पाठवू नका. मिक्सर बिघडलाय तर नवा घ्या, आईने पाट्यावर वाटायचं नाही. नारळ काढणारा पाडेली आला नाही तर नारळ झाडावर राहू देत, बाबांनी काठी घेऊन माडांच्या भाटात जायचं नाही.

बुधवारी वकील नवा मसुदा घेऊन येतील. दोघांनीही बसायचं. आई, चहाच्या निमित्ताने आत जाऊ नकोस, चहा शेजारची वहिनी करेल. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून घ्या, आणि जी कळली नाही तिथे पेन्सिलने खूण करा. सही त्या दिवशी करायची नाही. मी शनिवारी येते, मग बघू.

तुमची,
चिमू