कॅमेरून स्वस्तात, पण तयारीनिशी

महोदय,

आफ्रिकेच्या सहलींच्या जाहिराती केनिया-टांझानियापाशीच थांबतात. पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात कॅमेरूनला निघणाऱ्यांसाठी हे थोडे.

पीतज्वराची लस किमान १० दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी. लशीचा दाखला म्हणून मिळणाऱ्या पिवळ्या पुस्तिकेवरचा पासपोर्ट क्रमांक तिथेच ताडून पाहा. परतताना भारतातही ती दाखवावी लागते. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते.

पैसे युरोत आणि रोख न्यावेत. तिथला फ्रँक युरोशी बांधलेला आहे, १ युरोला ६५५.९५७, त्यामुळे फसवा दर लगेच कळतो. सेनेगलकडचा फ्रँक वेगळा; किमतीला तेवढाच, पण कॅमेरूनच्या बाजारात चालत नाही. १०,०००ची नोट मिळेल तिथे मोडून घ्या. टॅक्सीवाल्याकडे सुटे कधीच नसतात!

गावोगावच्या टॅक्सीला वेळापत्रक नाही, भरली की सुटते. मागे चौघे, ड्रायव्हरशेजारी एकाच सीटवर दोघे. पुढची दोन्ही भाडी आपणच भरली तर गुडघे वाचतात. ही उधळपट्टी नव्हे.

शाकाहाऱ्यांचे पोट सकाळी रस्त्याकडेलाच भरते: मैद्याचे गरम तळलेले गोळे, म्हणजे बेन्ये, आणि पाम तेलातली घेवड्याची दाट उसळ. सोबतची मिरची मात्र कोल्हापूरकरांनीही आधी चाखून घ्यावी.

वायव्य आणि नैऋत्य प्रांतांत सशस्त्र संघर्ष आहे. माउंट कॅमेरून नैऋत्येतच येतो, तेव्हा तो मोह सोडून किनाऱ्यावरचे क्रिबी गाठावे. तिथे लोबे नदीचा धबधबा थेट समुद्रात कोसळतो.

– एक वाचक, पुणे