रातवा रेखाटायचा आहे: डोळे, कान आणि कागद हवेत

सप्रेम नमस्कार,

तिन्हीसांजा उलटल्या की माळावरून एक आवाज येतो. फरशीवर गोटी सोडावी, तिच्या उसळ्या लहान लहान होत जाव्यात आणि शेवटी एकमेकींत मिसळून जाव्यात, तसा. चक, चक, चक-चक-चकर्रर्र. आपल्यापैकी पुष्कळांनी तो ऐकला असेल. कुणाला तो रातकिडा वाटतो, कुणाला बेडूक. आवाज करणारा मात्र फार थोड्यांनी पाहिला आहे. तो रातवा. येत्या विणीच्या हंगामात या एका पक्ष्याची चित्रवही तयार करायचं आमच्या निसर्गचित्र मंडळानं ठरवलं आहे. मंडळाचे सदस्य मोजके आणि रात्री पुष्कळ, म्हणून आपल्या मदतीसाठी हे आवाहन.

फोटो सहज काढता येत असताना चित्रं कशाला, असं आम्हाला विचारलं जातं. रातव्याचा फोटो बहुधा एकाच तऱ्हेचा येतो: रस्त्यावर बसलेला पक्षी, वर झगझगीत प्रकाश आणि दोन लाल अंगार. त्याच्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो. आत आलेला प्रकाश तो परत फिरवतो, म्हणून अंधुक उजेडातही पक्ष्याला दिसतं आणि गाडीच्या दिव्यात त्याचे डोळे पेटल्यासारखे वाटतात. अशा फोटोत पक्षी असतो, पण त्याचं वागणं नसतं. चित्र काढायचं तर वीस-पंचवीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसावंच लागतं, आणि तेवढ्या वेळात तो काय काय करतो ते आपोआप कळत जातं.

आमच्यातल्या बहुतेकांचं पहिलं चित्र चुकलं. कागदावर उतरलं ते घुबड. गोल चेहरा, समोर रोखलेले डोळे, दणकट पंजे. रात्रीचा पक्षी म्हटलं की हात आपसूक तिकडेच वळतो. रातवा तसा नसतो. आकारानं तो साधारण मैनेएवढा, पण शेपटीमुळे लांबट दिसणारा. डोकं मोठं आणि वरून चपटं, डोळे दोन्ही बाजूंना, मान जवळजवळ नाहीच. चोच इतकी इवलीशी की पहिल्यांदा सापडत नाही. पण तोंडाची फट पार डोळ्याखालपर्यंत गेलेली असते, आणि जबडा उघडला की उडते किडे आणि पतंग सहज आत जातील एवढी खोल गुहा तयार होते. तोंडाच्या कडांना राठ केसांसारखी पिसं असतात. पाय आखूड आणि कमकुवत, त्यामुळे फांदीवर बसलाच तर बहुतेक पक्ष्यांसारखा आडवा न बसता फांदीच्या लांबीला धरून बसतो. मधल्या बोटाच्या नखाला एका कडेनं कंगव्यासारखे बारीक दाते असतात. हे नख स्वतंत्र पानावर मोठं करून काढायची आमची फार इच्छा आहे.

खरी परीक्षा रंगांची. आणि इथे चित्रकलेच्या वर्गात शिकलेलं सारं बाजूला ठेवावं लागतं, कारण आधी बाह्यरेषा काढली की चित्र फसतं. हा पक्षी जगतोच मुळी स्वतःची बाह्यरेषा पुसून. माथ्यावर काळ्या रेघा, मानेमागे फिकट बदामी पट्टा, गळ्यावर पांढरा डाग, खांद्यावरच्या काळ्या पिसांना पिवळसर कडा. यातली प्रत्येक खूण शरीराची कड मोडून टाकते आणि वाळलेल्या पाचोळ्यात तिचा तुकडा होऊन जाते. झांबियात रातव्यांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एकाच जातीतले वेगवेगळे पक्षीसुद्धा आपापल्या अंगाच्या नक्षीशी जास्त जुळणारी जमीन निवडून बसतात. हे वाचल्यापासून आम्ही पद्धत बदलली. आता आधी जमीन रेखाटतो: मुरूम, खडे, काड्या, गवताचे बुडखे. पक्षी त्यात हळूहळू येऊ देतो.

अंधारात बसून काढायची अडचण वेगळीच. डोळे काळोखाला पुरते सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या बॅटरीचा एक झोत तो सगळा वाया घालवतो. म्हणून लाल उजेड वापरायचा. पण लाल उजेडात तांबड्या पेन्सिलीची रेघ पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, तपकिरीही फिकट पडते, आणि रातव्याचे रंग तर नेमके तेच. एका सदस्याचं तासाभराचं काम घरी पोहोचल्यावर भलत्याच रंगांत उघडं पडलं. तेव्हापासून रात्री फक्त ४बी किंवा ६बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणारी शिसपेन्सिल. रंगाच्या नोंदी दुसऱ्या दिवशी, पक्षी तिथे नसताना, त्याच्या बसण्याच्या जागेवरची चिमूटभर माती समोर ठेवून.

एक चूक कबूल करायला हवी. गेल्या हंगामात आम्ही अंड्यांच्या फार जवळ गेलो. रातवा घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, बहुधा दोन अंडी, खाली काडीचंही अंथरूण नाही. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत मादी हलली नाही, मग एकदम उठली आणि पंख मोडल्यासारखी फडफडत दूर गेली. आम्हाला लांब नेण्यासाठी ती हे करत होती. ते समजूनही आम्ही कागद पुरा करण्याच्या मोहानं थांबलो. अंडी तितका वेळ उघडी पडली. आम्ही निघाल्यावर बऱ्याच वेळानं ती परतली. ती परतली नसती तर त्या चित्राला काय अर्थ होता? त्या दिवसापासून अंड्यांजवळ बसून रेखाटन बंद. या उपक्रमात येणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पाळावा लागेल, आणि त्याच्या जोडीला दुसरा: पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज फोनवर वाजवायचा नाही.

आता काय हवं आहे ते सांगतो.

सगळ्यात आधी माणसं. चित्र येत नसलं तरी चालेल, कान हवेत. रातव्याच्या जाती दिसण्यात इतक्या सारख्या असतात की त्या ओळखायच्या आवाजावरून. गोटीसारख्या उसळ्या घेतो तो भारतीय रातवा. एकाच लयीत चकू-चकू असे ठोके देत राहतो तो जंगली रातवा. उडता उडता एखादीच धारदार शीळ टाकून जातो तो माळरानातला. विल्यम सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली, तेव्हा १८३२ साली एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्यानं 'महरट्टेन्सिस' हा शब्द घातला. ज्याच्या नावात मराठ्यांचा मुलूख आहे तो पक्षी आपल्याला ओळखता येऊ नये, याची मला खरोखर खंत वाटते. आपण आपल्या दारातून, शेतातून, गच्चीवरून आवाज ऐकून तारीख, वेळ आणि तिथी लिहून दिलीत तरी ते मोठं काम होईल. तिथी विसरू नका. स्थलांतर करणाऱ्या युरोपीय रातव्यांवर लावलेल्या उपकरणांवरून २०१९ साली समोर आलं की चांदण्या रात्री त्यांची शिकार दुपटीहून वाढते आणि त्यांच्या प्रवासाचे टप्पेही चंद्राच्या कलांशी बांधलेले असतात. म्हणून आम्हाला पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री हव्यात तशाच अवसेच्याही. चांदण्यात यायला सगळे तयार असतात, अवसेला मात्र कुणी मिळत नाही.

मग वडीलधाऱ्यांची आठवण. ज्यांनी माळावर जनावरं राखली, राखणीला रात्री काढल्या, त्यांनी या पक्ष्याला काय नाव दिलं, तो कुठे बसायचा, कधीपासून दिसेनासा झाला, हे आम्हाला लिहून घ्यायचं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९४६ च्या डिसेंबरात एडमंड येगर या निसर्गअभ्यासकांना खडकाच्या खोबणीत निपचित पडलेला एक रातवा सापडला. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा पुन्हा तिथे जाऊन ८५ दिवस नोंदी ठेवल्या आणि पक्षीही शीतनिद्रा घेतो हे जगाला कळलं. पण अमेरिकेतल्या मूळनिवासी होपी लोकांच्या भाषेत त्या पक्ष्याचं नाव आधीपासूनच 'झोपणारा' असं होतं. उलट ग्रीक तत्त्ववेत्त्या ॲरिस्टॉटलनं रातवा रात्री शेळ्यांचं दूध पितो असं लिहून ठेवलं आणि 'शेळ्या दोहणारा' हा ठपका आजही त्याच्या शास्त्रीय नावात आहे. कळपाभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे हा येतो, एवढीच त्यातली गोष्ट. राखणदाराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणून आम्ही विचारायला येऊ, आपण सांगा. घरातले आजी-आजोबा लिहू शकत नसतील तर नातवंडांनी लिहून घ्यावं.

वस्तूंमध्ये करड्या किंवा तपकिरी कागदाच्या वह्या हव्या आहेत, त्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं उजळ भाग उठवता येतो. मऊ शिसपेन्सिली, कागदाच्या पाठीला टेकू देणारे पुठ्ठे, लाल जिलेटीन कागद, चालू स्थितीतल्या बॅटऱ्या. कुणाकडे मोठ्या भिंगाची दुर्बीण पडून असेल तर हंगामापुरती उसनी द्या, जपून वापरून परत करू. पैशांची गरज छपाईसाठी आहे. चित्रवही विकायची नाही, ती शाळांना द्यायची आहे. जमलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या बैठकीत सर्वांसमोर मांडला जाईल.

ज्यांच्या मालकीचे माळ आहेत त्यांना वेगळी विनंती. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. चांगल्या हेतूनं तिथे खड्डे खणून झाडं लावली जातात आणि उघड्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या या पाखराची जागा जाते. निदान उन्हाळ्यात गवत पेटवू नका, खड्डे खणायचेच असतील तर पावसाळ्यानंतर खणा, आणि आम्हाला आधी एकदा तिथे फिरू द्या. वाहनचालकांनीही रात्री माळाकडच्या रस्त्यानं जाताना वेग कमी ठेवावा. तापलेल्या रस्त्यावर रातवे येऊन बसतात आणि दिव्याच्या झोतात दिपून जागचे हलत नाहीत. मेलेला रातवा आढळला तर उचलून घरी नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तसं करता येत नाही. वनविभागाला कळवा आणि आम्हालाही निरोप द्या. आहे तिथेच, शेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच्या नखाचं आणि पिसांचं रेखाटन करता येईल.

पहिली फेरी येत्या अवसेला. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी मंडळाच्या नेहमीच्या जागी जमायचं आहे, नाव आधल्या दिवसापर्यंत कार्यवाहांकडे द्या. लहान मुलांसोबत एक मोठं माणूस असावं. पांढरे कपडे नकोत, पायात बंद बूट असू द्यात, आणि बॅटरीवर लाल कागद घरूनच बांधून आणा, तिथे अंधारात तो बांधता येत नाही.

आपले,
निसर्गचित्र मंडळाचे सदस्य