थँक यू मेल नेमका कुणाच्या नावाने?

मा. संपादक,
स.न.

तुमच्या करिअरच्या पानावर इंटरव्ह्यूची तयारी कशी करावी, पगाराचं कधी बोलावं असं बरंच येतं आणि मी ते नेमाने वाचते, पण इंटरव्ह्यू झाल्यावर आभाराचा जो मेल किंवा पत्र पाठवतात ते कुणाच्या नावाने लिहायचं यावर कधी काही आलेलं मला तरी आठवत नाही, म्हणून मीच लिहितेय. मी १६ वर्षं इंटरव्ह्यू घ्यायला बसले, बहुतेक वेळा पॅनलमध्ये, आणि असे मेल भरपूर वाचले. मजकूर मुलं छान लिहितात हो, गडबड होते ती पहिल्या ओळीत.

एक प्रसंग सांगते. पॅनलवर आम्ही तिघं होतो, मी मधे, दोन्ही बाजूंना दोन पुरुष सहकारी, आणि जवळजवळ सगळे प्रश्न मीच विचारले होते. मुलगा हुशार, बोलला पण चांगलं. नंतर त्याचा मेल आला तो एचआरच्या कॉमन आयडीवर, सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, आणि खाली माझ्याच प्रश्नांबद्दल ‘सर, तुम्ही जे विचारलंत त्यावर मी घरी जाऊन अजून विचार केला’ असं अगदी मनापासून लिहिलेलं. तो मेल माझ्यापर्यंत पोचला १२ दिवसांनी, तोवर निवड होऊन गेली होती. मेलमुळे निवड फिरली असती असं मी म्हणत नाही, तशी ती फिरतही नाही, पण इतकं चांगलं लिहिलेलं ज्याच्यासाठी लिहिलं त्याला वेळेवर मिळूच नये याचं मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

तर माझं म्हणणं इतकंच आहे की ज्याच्याशी बोललात त्याच्याच नावाने लिहा. नाव लक्षात राहिलं नाही ही अडचण खरी आहे, त्या टेन्शनमध्ये कुणाला नावं आठवतात! पण मिळवायला जागा खूप आहेत. इंटरव्ह्यूला बोलावल्याचा मेल किंवा कॅलेंडरचं इन्व्हाइट परत उघडून बघा, त्यात बऱ्याचदा सगळ्यांची नावं असतात. उठताना सरळ विचारा, ‘मला आपलं नाव आणि मेल आयडी मिळेल का’, यात कुणालाही राग येत नाही, उलट बरं वाटतं. तेही राहिलं तर रिसेप्शनला फोन करा आणि नावाबरोबर स्पेलिंग आणि हुद्दा पण विचारून घ्या, कारण एकच आडनाव दोन जण दोन स्पेलिंगने लिहितात आणि आपलं नाव चुकलेलं माणसाला सगळ्यात आधी दिसतं. डॉक्टरेट असेल तर डॉ. लावा, ते विसरू नका.

आता मॅडमचा प्रश्न. बाईला लिहायचं म्हटलं की मुलं अडखळतात, मिसेस की मिस? दोन्ही नको. एम एस लिहून ज्याचा उच्चार मिझ करतात ते आहे ना, त्यात लग्नाचा संबंध येत नाही. हे काही आजकालचं फॅड नाही, १९०१ साली अमेरिकेत स्प्रिंगफिल्डच्या एका पेपरात कुणीतरी हेच सुचवलं होतं आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते वापरायला सुरुवात केली १९८६ मध्ये, म्हणजे ८५ वर्षांनी! मराठीत लिहिताना पण तेच, सौ. किंवा कु. अंदाजाने लावू नका, श्रीमती लिहिलं तर काहीजणी त्याचा वेगळाच अर्थ घेतात, त्यापेक्षा ‘माननीय’ आणि पुढे पूर्ण नाव आणि हुद्दा, विषय संपला. नावावरून बाई की पुरुष कळत नसेल तरी हेच चालतं. इंग्रजीत ‘डिअर’ आणि पुढे पूर्ण नाव.

पहिल्या नावाने लिहावं की आडनावाने? त्यांनी स्वतः ‘मला नावानेच हाक मारा’ म्हटलं असेल किंवा तुम्हाला आलेल्या मेलच्या खाली नुसतं पहिलं नाव लिहिलं असेल तर तसं लिहा, नाहीतर आडनाव. ‘हाय’ नको.

पॅनल असेल तर प्रत्येकाला वेगळा मेल. हे मला जरा ठासून सांगायचंय कारण बहुतेक जण तिघांना एकच मेल टाकतात किंवा तोच मजकूर तीनदा पेस्ट करतात, आणि आम्ही शेजारी शेजारी बसतो, एकमेकांना दाखवतो, लगेच कळतं. प्रत्येकाचं एक वाक्य वेगळं हवं, त्याने काय विचारलं, कशाबद्दल बोलला ते, मग बाकीची तीन-चार वाक्यं सारखी असली तरी चालतात. एका मुलीने आमच्या पॅनलमध्ये जो सहकारी सबंध वेळ गप्प बसून नोंदी घेत होता त्यालाही वेगळा मेल लिहिला होता, की सुरुवातीला मी घाबरले होते तेव्हा तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात त्याने मला धीर आला. तो मेल त्याने खूप दिवस जपून ठेवला होता. खरंच एकाचाही आयडी मिळाला नाही तर मग एचआरमध्ये ज्याने तुमची वेळ ठरवली त्याच्या नावाने लिहा आणि पॅनलपर्यंत पोचवायची विनंती करा, कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर तिथल्या माणसाला तसंच. ‘टू हूम इट मे कन्सर्न’ मात्र कधीच नको, अहो तासभर समोर बसून बोललात ना त्यांच्याशी!

अजून एक, टू मधला पत्ता सगळ्यात शेवटी भरा. आधी भरला की अर्धवट मेल जातो, किंवा दोन अक्षरं टाइप केली की मेल स्वतःच कुणा दुसऱ्याचं नाव उचलतो, आणि जुना मेल कॉपी केला तर मागच्या कंपनीचं नाव तसंच राहतं. मला असे दोन मेल आलेत ज्यात दुसऱ्याच कंपनीचे आभार होते. कागदावर पत्र पाठवत असाल तर पाकिटावर आणि आत नाव, हुद्दा, विभाग एकसारखा हवा. आणि हे सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत उरकायचं.

संपादक साहेब, तुम्ही बायोडेटाचे नमुने छापता तसे या मेलच्या नुसत्या पहिल्या दोन ओळींचे तीन नमुने छापाल का, एकाला लिहायचं तर, पॅनलला लिहायचं तर आणि नाव माहीतच नसेल तर? हवे असतील तर मी लिहून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक