आठही दिवे लागले तरी न थांबायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आयटीआयच्या शिल्प निदेशकांचे आभार असे कुणी फारसे मानत नाही. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला तेव्हा नातेवाईक विचारायचे, "आता टीव्ही दुरुस्त करणार का?" आज मी पुण्यात ईएलव्हीची, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या यंत्रणांची कामं करते. सीसीटीव्ही, फायर अलार्म, ॲक्सेस कंट्रोल, नेटवर्कचं केबलिंग. यातलं बरंचसं तुम्ही तास संपल्यावर थांबून शिकवलंत.

नेटवर्क केबलच्या टोकाला आरजे-४५ प्लग क्रिम्प करताना, म्हणजे दाबून बसवताना, चार पिळलेल्या जोड्यांपैकी हिरव्याची जोडी मधेच का फोडायची, असं मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सगळ्या जोड्या सरळ ओळीने लावून एक लांब केबल करायला लावलीत. टेस्टरवर आठही दिवे लागले! मग तीच केबल कॉम्प्युटरला जोडलीत आणि फाईल रेंगाळायला लागली. तीन आणि सहा नंबरच्या पिनला एकाच पिळातल्या तारा हव्यात, नाहीतर शेजारच्या जोडीचा सिग्नल आत शिरतो, हे तेव्हा जे कळलं ते कायमचं.

दिवसा चालणारा आणि अंधार पडला की बंद होणारा कॅमेराही तुम्हीच समजावलात. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो. अर्धा अँपिअर धरला तरी ०.५ चौरस मिमीच्या तारेत ६० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटरमध्ये, दोन व्होल्टच्या वर पडतात आणि १२ चे दहासुद्धा उरत नाहीत. "कॅमेरा बदलायच्या आधी मीटर लाव, आणि रात्री लाव," हे तुमचं वाक्य मी आता माझ्या हेल्परला ऐकवते.

पण सर, सगळ्यात मोठं ऋण फायर अलार्मचं आहे. डिटेक्टरच्या ओळीत शेवटच्या डिटेक्टरला एक रेझिस्टर लावायचा असतो, त्यावरून तिथपर्यंतची वायर शाबूत आहे हे पॅनलला कळतं. तो पॅनलमध्येच लावला तर पॅनल "नॉर्मल" दाखवतं आणि पुढची वायर तुटली तरी कुणाला पत्ता लागत नाही. साइटवर घाई असते, हस्तांतराची तारीख डोक्यावर असते, आणि असं करायला सांगणारे भेटतात. मलाही भेटले. मी नाही म्हटलं, शिडी घेऊन शेवटच्या डिटेक्टरपर्यंत गेले. त्या इमारतीत मुलींचं वसतिगृह आहे.

वर्गात मुली मोजक्या होत्या. तुम्ही आम्हाला सोल्डरिंगच्या टेबलाशी बसवून ठेवलं नाहीत. ड्रिल, शिडी, फॉल्स सीलिंगमधली धूळ, सगळं मुलांइतकंच वाट्याला दिलंत. आज साइटवर कुणी "मॅडम, वर आम्ही चढतो" म्हटलं की मला तुमची आठवण येते.

आमच्याकडे यंदा अप्रेंटिस घेणार आहेत आणि प्रॅक्टिकल मी घेणार आहे. आपल्या ट्रेडमधल्या मुलींना अर्ज करायला नक्की सांगा. येताना मल्टिमीटर आणावा, बाकीचं साहित्य आम्ही देऊ.

कळावे,
आपली विद्यार्थिनी