चिनी भांड्यांची रासायनिक पारख आणि अहवालातले मौन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहाविषयी जो लेख आला, त्यात प्राचीन चिनी भांडे अस्सल आहे की नक्कल हे आता क्ष-किरण यंत्र क्षणात सांगते, असे एक वाक्य होते. कोल्हापुरातच अनेक वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो आहे. ते वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच उरलेल्या अर्ध्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

पूर्वी गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिना मोडायला नेला की सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढून कस पाहत असे. आता बऱ्याच ठिकाणी दागिना एका पेटीत ठेवतात आणि सोने, चांदी, तांबे, जस्त यांचे टक्के पडद्यावर उमटतात. चिनी भांड्यांसाठी वापरले जाणारे तंत्र तत्त्वतः हेच आहे. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतात, त्यांवरून कोणते मूलद्रव्य किती हे कळते आणि वस्तूवर ओरखडाही उठत नाही. मात्र सोन्यात घटकांचे प्रमाण हेच त्याचे मोल असते, तर भांड्याचे मोल त्याच्या वयात आणि घडवणाऱ्या हातात असते. तेथे घटकांचे आकडे साक्षीदाराच्या जागी उभे राहतात, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते.

ही साक्ष किती बोलकी असू शकते याचे उत्तम उदाहरण म्हणजे निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनमधील निळा रंग. हा रंग कोबाल्टचा. चीनच्या युआन राजवटीत (१२७१–१३६८) दक्षिणेकडील जिंगदेझेन या कुंभारकामाच्या गावातील भट्ट्यांमध्ये जो कोबाल्ट वापरला गेला तो पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आलेला मानला जातो. त्यात लोह बरेच असते आणि मँगनीज अगदी थोडे. चीनमधील स्थानिक खनिजात याच्या उलट मँगनीजचे प्रमाण कोबाल्टच्याही कित्येक पट असते. पुढे मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) स्थानिक खनिज वापरात येत गेले, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्हींची मिश्रणेही झाली, आणि त्यामुळे लोह व मँगनीज यांचे परस्परप्रमाण हा काळ ओळखण्याचा एक दुवा ठरला. अर्थात हा दुवा जुळवायला आधी निःशंक तारखेची भांडी हाताशी असावी लागतात. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ‘डेव्हिड’ नावाने प्रसिद्ध असलेल्या दोन फुलदाण्यांवर मंदिराला अर्पण केल्याचा १३५१ सालचा लेखच आहे, म्हणून त्यांना एवढे महत्त्व. आपल्या देशातही दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यात युआनकालीन निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे अवशेष सापडलेले आहेत.

भांड्याची मूळ मातीही बोलते. उत्तर चीनमधील पांढऱ्या भांड्यांत ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) जास्त आणि सिलिका (वाळूतला मुख्य घटक) कमी, तर दक्षिणेकडील जिंगदेझेनच्या भांड्यांत सिलिका अधिक, असा ढोबळ भेद आहे. जिंगदेझेनला आरंभी केवळ एक प्रकारचा दगड कुटून भांडी करीत, नंतर त्यात काओलिन ही पांढरी माती मिसळू लागले आणि ॲल्युमिनाचे प्रमाण वाढले. काओलिन हा शब्द तिथल्याच गाओलिंग या ठिकाणाच्या नावावरून आलेला आहे. (आपण मात्र लोणच्याच्या बरणीपासून न्हाणीघरातल्या फरशीपर्यंत सगळ्यालाच ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो.)

रसायनशास्त्राचा आवाज सर्वांत ठाम लागतो तो नकार देताना. क्रोमियम या मूलद्रव्याचा शोध १७९७ सालचा. तेव्हा मिंगकालीन म्हणून विकल्या जाणाऱ्या भांड्यावरील हिरव्या रंगात क्रोमियमचे रंगद्रव्य निघाले, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून होणारा गुलाबी मुलामा चीनमध्ये साधारण १७२० च्या सुमारास आला, आणि टायटॅनियमचा पांढरा रंग तर विसाव्या शतकातला. यांपैकी एक जरी चुकीच्या जागी सापडले तरी निकाल लागतो, निदान तेवढ्या रंगापुरता. कारण जुन्या भांड्याची नंतर डागडुजीही झालेली असू शकते.

होकार देताना मात्र हाच आवाज बसतो. जिंगदेझेनला आजही भट्ट्या पेटतात, आसपासच्या डोंगरांतला दगड आणि माती आजच्या कारागिरालाही मिळू शकते, आणि रंगात मँगनीज मुद्दाम मिसळणेही अवघड नाही. घटक जुळले याचा अर्थ माती जुळली. शतक जुळले असा होत नाही. शिवाय हातात धरण्याच्या यंत्राला प्रामुख्याने वरची झिलई दिसते, आतली माती नव्हे, आणि सोडियम, मॅग्नेशियम यांसारखी हलकी मूलद्रव्ये त्याला नीट मोजता येत नाहीत. शिशाच्या झिलईची थांग राजवटीतील (६१८–९०७) भांडी शतकानुशतके जमिनीत राहिली की झिलईचे घटक झिजून बदलतात, तेव्हा पृष्ठभागावरचे आकडे मूळचे धरता येत नाहीत.

वयासाठी वेगळी चाचणी आहे, ती थर्मोल्युमिनेसन्सची. भट्टीत भाजल्यानंतर मातीतील क्वार्ट्झसारख्या कणांत नैसर्गिक किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. तळातून काढलेली चिमूटभर पूड तापवली की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि शेवटच्या भाजणीला किती काळ लोटला याचा अंदाज येतो. हुइशियान शैलीच्या प्राचीन चिनी वस्तू म्हणून नावाजलेल्या मातीच्या मूर्ती अलीकडच्या काळातील असल्याचे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९७२ साली याच पद्धतीने दाखवले. पण तिथेही लबाडी पोहोचली आहे: नव्या वस्तूवर मुद्दाम किरणांचा मारा करतात, किंवा जुन्या भांड्याचा फुटका तळ नव्याला बेमालूम बसवतात, म्हणजे पूड तेवढी जुनी निघते.

कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीतून सातवाहनकालीन वस्तूंसोबत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझ मूर्ती आपल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ती कोठे व कशासोबत सापडली याची नोंद आहे, म्हणून तिच्याविषयी आपण विश्वासाने बोलू शकतो. बाजारातून फिरत आलेल्या भांड्याला असा जन्मदाखला नसतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीच तर सारे विश्लेषण करायचे असते.

हे लिहिण्याचे तातडीचे कारणही सांगतो. माझ्या एका परिचितांनी ‘श्वेन्द काळातील’ (मिंग घराण्यातील एका सम्राटाची कारकीर्द, १४२६–१४३५) म्हणून एक लहान निळी-पांढरी बशी प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह विकत घेतली. हौसेने त्यांनी ती गुजरीतल्या यंत्रातही ठेवून पाहिली. धातूंसाठी जुळवलेल्या त्या यंत्राने अर्थातच निरर्थक आकडे दाखवले. बशीच्या तळाशी राजवटीची मुद्रा आहे, पण श्वेन्दची मुद्रा नंतरच्या शतकांतील कुंभारांनीही सर्रास उमटवली, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही. प्रमाणपत्रात सिलिका, ॲल्युमिना, लोह आणि कोबाल्ट यांचे टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत छापले आहेत आणि खाली ‘काळ सिद्ध’ असा शेरा आहे. मोजणी झिलईवर केली की तळाच्या उघड्या मातीवर, तुलना कोणत्या नमुन्यांशी केली, याचा उल्लेख नाही. आणि ज्या एका आकड्यावर निळ्या रंगाची साक्ष तपासायची, तो मँगनीजचा आकडा त्यात मुळी दिलेलाच नाही. विक्रेत्याला तो आकडा आणि मूळ आलेख पाठवण्याची विनंती परिचितांनी दोनदा लेखी केली. अद्याप उत्तर आलेले नाही. आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेख येणार असेल, तर प्रमाणपत्रात हे तपशील मागून घ्यावेत एवढी सूचना त्यात अवश्य छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक
राजारामपुरी, कोल्हापूर