पानगळ, पाणी आणि खिडकी

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

थंडीसाठी घरात आणलेल्या तुझ्या तीन बोन्सायबद्दलचं, म्हणजे कुंडीत बुटक्या वाढवलेल्या फायकस, फुकियन टी आणि जेड या झाडांबद्दलचं पत्र मिळालं, सोबतचा फोटोही नीट मोठा करून पाहिला. कुंडीभोवती पडलेली पिवळी पानं बघून तू हबकलास, ते साहजिक आहे. पण घरात आणल्यावर फायकसने, म्हणजे वड-पिंपळाच्या जातकुळीतल्या झाडाने, पानं टाकली म्हणजे झाड गेलं असं नाही. त्यातून तुझा आहे बेंजामिना जातीचा. नुसती जागा बदललेलीही त्याला खपत नाही. त्या मानाने नांद्रुक हा दुसरा फायकस सोशिक. उन्हात वाढलेलं पान जाड असतं, भरपूर उजेडाच्या हिशेबाने घडलेलं असतं. घरातल्या उजेडात त्याला पोसण्याचा खर्चही निघत नाही, म्हणून झाड ते सोडून देतं आणि अंगात ताकद असेल तर कमी उजेडात भागवणारी पातळ पानं नव्याने काढतं. एखाद्या काडीची साल नखाने अगदी थोडी खरवड. आत हिरवं, ओलसर दिसलं तर निश्चिंत राहा. तपकिरी आणि कोरडं निघालं तर खोडाच्या दिशेने खाली सरकत बघत जा. शेंडे वाळले तरी मागची फांदी बऱ्याचदा जिवंत असते.

मला खरं खटकलं ते तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य. पानं गळायला लागल्यापासून तू रोज सकाळी न चुकता पाणी घालतोयस. ते आजच थांबव. झाड पाणी वर ओढतं ते मुख्यतः पानांतून वाफ बाहेर जाते म्हणून. पानंच नसतील तर मुळांनी पाणी पाठवायचं कुठे? ते कुंडीतच राहतं, मातीतल्या हवेच्या जागा भरून टाकतं, मुळं गुदमरतात आणि कुजायला लागतात. यातली फसवी गोष्ट अशी की मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मलूल दिसतं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात घरात मरणाऱ्या बोन्सायपैकी थंडीने मरतात थोडी आणि मायेने मरतात जास्त, असं माझं मत आहे. तू रागावलास तरी ते मी मागे घेणार नाही.

मग पाणी कधी घालायचं? वार ठरवून नाही. बारीक लाकडी काडी मातीत दोन-तीन सेंटिमीटर खोचून ठेव, थोड्या वेळाने काढून बघ. काडी ओली, गडद निघाली तर थांब. जेमतेम ओलसर असेल तर घाल. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लागली तर काडीचीही गरज उरत नाही. घालशील तेव्हा मात्र खालच्या भोकांतून निथळेपर्यंत घाल, कोमट घाल आणि बशीत साठलेलं पाणी ओतून टाक. चमचाभर पाणी रोज घालणं सगळ्यात वाईट, त्याने वरचा थर ओला दिसतो आणि आतला गोळा कोरडाच राहतो.

आता मुद्द्याचं बोलतो. तू थंडीची धास्ती घेऊन कुंड्या हीटरजवळ मांडल्यास. पण तुझ्या घरात ऊब पुरेशी आहे. ही झाडं दिवसा १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये मजेत राहतात, रात्री १५ पर्यंत उतरलं तरी कुरकुर करत नाहीत. त्यांची उपासमार होतेय ती उजेडाची. आपल्या डोळ्यांवर इथे विश्वास ठेवू नकोस. बाहुली मोठी होते, मेंदू जुळवून घेतो आणि आपल्याला खोली लख्ख वाटते. आकडे बघ (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक): भर उन्हात बाहेर १,००,००० लक्सच्या आसपास उजेड असतो, ढगाळ दिवशीही उघड्यावर काही हजार सहज मिळतात. आणि ज्या कोपऱ्यात आपण आरामात पुस्तक वाचतो तिथे असतात २००-३०० लक्स. मोबाइलमध्ये लक्स मोजायचं एखादं अॅप टाक. अचूक नसतं, पण खिडकीच्या कडेपासून खोलीच्या मध्यापर्यंत चालत गेलास तर आकडा कसा कोसळतो ते बघून तू स्वतःच हीटर सोडून खिडकीकडे वळशील.

उघड्यावर झाडाच्या डोक्यावर सगळं आभाळ असतं, खिडकीत त्याचा एक तुकडा. त्यात हिवाळ्याचे दिवस आखूड आणि सूर्य खाली झुकलेला. उत्तर गोलार्धात म्हणूनच दक्षिणेकडची खिडकी धरायची, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडची. जाळीचा पडदा असेल तर बाजूला सार, काच आतून-बाहेरून पुसून घे. कुंडी दर आठवड्याला थोडी फिरव, नाहीतर सगळी वाढ काचेच्या बाजूला आणि मागची बाजू भकास, असं एकांगी झाड तयार होईल. रात्री पानं काचेला टेकू देऊ नकोस, तेवढीच पानं गारठून काळी पडतात.

तुझी खिडकी चांगली असली तरी मी दिवा लावायलाच सांगेन. साधा पांढरा, पूर्ण वर्णपटाचा एलईडी ग्रो लाइट पुरतो. जांभळ्या प्रकाशाचे मिळतात त्यानेही झाड वाढतं, पण त्या रंगात पानाचा पिवळेपणा ओळखू येत नाही आणि खोलीत बसवत नाही. दिवा शेंड्यापासून २०-३० सेंटिमीटरवर असू दे. अंतर वाढलं की उजेड भराभर पातळ होतो, त्यामुळे छताच्या दिव्याचा काही उपयोग नाही. टायमर लावून १२ ते १४ तास चालू ठेव, रात्री अंधार होऊ दे. उजेड पुरतोय की नाही हे नवी फुटच सांगते. पेरं लांबलचक, पानं मोठी आणि फांदी लुळी असेल तर दिवा जवळ आण. बोन्सायमध्ये ही लांबलेली पेरं फार जाचतात, कारण ती नंतर आखूड होत नाहीत. कापूनच टाकावी लागतात, आणि वर्षाची मेहनत जाते.

हवेच्या कोरडेपणाबद्दल तू विचारलंस. शून्य अंशाची हवा पूर्ण दमट असली तरी एका घनमीटरमध्ये साधारण ५ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिला १७ ग्रॅम पेलवतात, पण वाफ तेवढीच, ५ ग्रॅम. म्हणजे आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली. दिवसातून दोनदा पानांवर फवारा मारून यात फरक पडत नाही, तो काही मिनिटांत उडून जातो. खडे आणि पाणी भरलेला ट्रे दिसतो छान आणि निथळणारं पाणी झेलतो, त्यापलीकडे माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. ह्युमिडिफायर लावून ४०-५० टक्क्यांवर आणता आलं तर उत्तम, पण तेही सगळ्या झाडांसाठी नको. फायकस आणि जेड कोरड्या हवेत निभावतात. फायकसच्या पारंब्या मात्र अशा हवेत वाढत नाहीत, टोकाशी सुकून थांबतात. तुला एखादी पारंबी मातीपर्यंत न्यायचीच असेल तर ती स्ट्रॉमध्ये घाल आणि आत ओलं मॉस (शेवाळ) भर.

तुझ्या तिघांत नाजूक आहे ती फुकियन टी. सगळ्यात जास्त उजेडाची जागा तिला दे, बेंजामिनाला नव्हे. तिला गार वारा सोसत नाही, माती पूर्ण कोरडी झालेलीही चालत नाही आणि हीटरचा झोत तर अजिबात नको. जेड याच्या उलट. त्याची पानं म्हणजे पाण्याची साठवण, शिवाय त्याला पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून रात्री उघडायची सोय आहे, त्यामुळे पाण्याचा खर्च कमी. पानं किंचित सुरकुतेपर्यंत त्याला विसरून जा. आणि हो, ज्युनिपर आत आणू का, या प्रश्नाला उत्तर एकच: नको. त्याला थंडीची विश्रांती लागतेच, ती हुकली की झाड खंगत जातं. कुंडीतली मुळं गोठू नयेत म्हणून ती जमिनीवर आडोशाला ठेव आणि भोवती पालापाचोळा रच, एवढं पुरे.

किडीकडे लक्ष ठेव. बाहेर त्यांना खाणारे ढालकिडे असतात, घरात कोणी नसतं, आणि उबदार कोरडी हवा म्हणजे लाल कोळ्यांची, पानांतला रस शोषणाऱ्या बारीक किडीची, चंगळ. फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मार. पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी आहेत. कुंडीच्या तोंडावर प्लॅस्टिक बांध, झाड आडवं धरून शॉवरखाली पानांची खालची बाजू धुऊन काढ आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा धू, कारण अंडी पहिल्या वेळी जात नाहीत. फांदीच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून घे. पानं किंवा खालची फरशी चिकट लागली तर खवले कीड शोध. ती सालीच्या रंगाची असते, सहज दिसत नाही.

खत सध्या बंद. दिव्याखाली नवी फूट जोमाने आली तर नेहमीच्या निम्म्या ताकदीचं दे. कात्री कपाटात ठेव, कुंडी बदलायचा विचारही उन्हाळ्यापर्यंत नको. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळायची खुमखुमी आली तर आधी झाडाला पानं येऊ दे.

रात्रीचं तापमान सलग १२-१३ अंशांच्या वर राहायला लागलं की झाडं बाहेर काढ, पण थेट उन्हात ठेवू नकोस. घरात आलेली पानं उन्हाला सरावलेली नसतात, एका दुपारीत करपतात. आधी पूर्ण सावली, मग सकाळचं ऊन, असं दोन आठवड्यांत हळूहळू ने.

तुझी खिडकी नक्की कुठल्या दिशेला आहे ते तू लिहिलंच नाहीस. ते कळव आणि बेंजामिनाची साल खरवडल्यावर आत काय रंग दिसला तेही. फुकियन टीचा फोटो पाठवशील तेव्हा पानांच्या खालच्या बाजूचा पाठव, वरच्या बाजूवरून मला काही कळत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
झाडवेडा मित्र